इंजिनावरची पालथी वाटी

पार्सिपनीच्या आमच्या घराचं गॅरेज उघडलं की आधी हिंगाचा वास येतो आणि मग तेलाचा. बाहेरच्या माणसाला नुसता तेलाचाच येत असणार. मला मात्र हिंगाचाच आधी येतो, कारण दाराजवळच्या फळीवर आईचा जुना मिसळणाचा डबा आहे आणि त्याच्या वाट्यांमध्ये कित्येक वर्षं इंजिनाचे बोल्ट नांदताहेत. मोहरीच्या वाटीत बारके, जिऱ्याच्या वाटीत त्यांच्याहून जरा मोठे, हळदीच्या वाटीत वॉशर. बाबांनी डबा घासूनपुसून घेतला होता म्हणे, पण वास काही हटला नाही. मधली वाटी तेवढी रिकामी असते, आणि स्वच्छ. ती रिकामी का, हे मी कधी खोलात जाऊन विचारलं नव्हतं. गॅरेज बाबांचं होतं आणि तिथले नियमही त्यांचेच होते.

या वेळी मी टेक्ससमधल्या अर्विंगहून आले ती घर आवरायला. बाबांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली. एवढ्या घरात आई एकटी राहायची, बर्फ साफ करायला माणूस शोधायची आणि फोनवर सगळं छान चाललंय म्हणून सांगायची. शेवटी एक दिवस तीच म्हणाली, "येते मी तुझ्याकडे. पण देव आणि पोळपाट-लाटणं घेऊन येणार, आधीच सांगून ठेवते." घराला गिऱ्हाईक मिळालं. सोफे गेले, पुस्तकं इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीत गेली, बाबांचे कोट कुणाकुणाकडे गेले. राहिली ती गॅरेजमधली लाल गाडी.

"ती मी देऊन टाकतेय," मी बॅग खाली ठेवते न ठेवते तोच आईने सांगितलं. "पेनसिल्व्हेनियाचा एक मुलगा आहे. पार्ट्ससाठी हवीय त्याला. रविवारी ट्रेलर घेऊन येईल."

"पार्ट्ससाठी? म्हणजे सुटे भाग काढून विकणार तिचे?"

"मग काय करू? सुरू केली की नुसती किंचाळते. गिअर टाकला की अंगावर धावून जाते. असली गाडी मी तुला चालवायला देणार नाही. तू एकुलती एक आहेस मला."

आई एकुलती एक म्हणाली की वाद संपतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी घासाघीस केली. रविवारपर्यंत गाडी नीट झाली तर ती माझी, माझ्याबरोबर टेक्ससला येणार. नाही झाली तर तो मुलगा ती घेऊन जाणार. आई हो म्हणाली, पण तिने हो म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. तिला ती गाडी नजरेसमोर नको आहे असं काहीसं मला वाटलं, आणि ते मला लागलं. मला ती गाडी हवी होती. बाबांचा कोट मागायला मला सुचलं नाही, घड्याळही नको होतं. गाडी मात्र हवी होती.

गाडी जपानी आहे, दोन दारांची आणि दोनच माणसांची. हेडलाइट बंद केले की पापण्या मिटल्यासारखे आत जातात. मंडळातल्या सगळ्या घरांसमोर सात-सात माणसांच्या मिनीव्हॅन उभ्या असताना ही चीज आमच्याकडे कशी आली, ते आता कुणालाच धड सांगता येणार नाही. मला आठवतं ते एवढंच की एका सप्टेंबरात मी शाळेतून आले तर ती ड्राइव्हवेमध्ये होती आणि तिचं इंजिन मेलेलं होतं. बाबा तिच्याभोवती हात मागे बांधून फेऱ्या मारत होते. आई खिडकीत होती. आईने त्या दिवशी तिला नाव ठेवलं ते कायमचं: बया. "तुमच्या बयेला म्हणावं जरा सरक, मला कचऱ्याचा डबा काढायचाय."

मी तेव्हा सोळा वर्षांची, नुकतंच ड्रायव्हिंगचं परमिट हातात आलेलं. मला वाटलं, गाडी माझ्यासाठीच आलीय. बाबांनी तसं कधी म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

त्या शरद ऋतूत आमचं सगळं आयुष्य गॅरेजमध्ये हललं होतं. बाबा टेलिफोन कंपनीत इंजिनीअर. दिवसभर खुर्चीत बसून यंत्रांबद्दल बोलायचे आणि हाताला काळं लागलं नाही म्हणून घरी आल्यावर कासावीस व्हायचे. बाबांचे मित्र सबनीसकाका, पेशाने डेंटिस्ट, शनिवारी दवाखाना बंद करून थेट आमच्याकडे यायचे. दोघांनी मिळून जुनं इंजिन काढलं, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. भाड्याने आणलेली छोटी क्रेन, साखळी, आणि साखळीला लोंबकळणारं ते काळं, मेणचट धूड. त्यातून कूलंट ठिबकत होतं, आणि त्याला गोडसर वास होता. काका म्हणाले, "अक्कलदाढ आहे ही. मुळं बघ किती खोल गेलीत." बाबा हसेनात. इंजिन पूर्ण बाहेर येईपर्यंत त्यांनी श्वास घेतला नसावा.

मोकळ्या झालेल्या खड्ड्यातून तारांचा गुंता बाहेर आला होता. बाबांनी एकेका तारेला चिकटपट्टी लावून देवनागरीत लिहिलं होतं. 'पाण्याचा पंप.' 'डावीकडचा दिवा.' 'तेलाचा काटा.' एका पट्टीवर नुसतंच 'हिचं काय ते बघ' असं होतं. त्या पट्ट्या अजून आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या त्या मुलाने गाडी उघडली असती तर 'हिचं काय ते बघ' समोर तो कितीतरी वेळ बसला असता.

माझं मराठी असं गॅरेजमध्ये घडलं. रविवारच्या मराठी शाळेत आम्हाला फळांची नावं शिकवायचे. गॅरेजमध्ये मला पाना, पक्कड, आटे, पाचर हे शब्द मिळाले. मी बोलायचे इंग्रजीत, कळायचं मराठीत. "बाबा, इट्स स्ट्रिप्ड," मी म्हणायचे. "आटे गेले म्हण," बाबा गाडीखालून म्हणायचे. ते बॉनेट म्हणायचे आणि मी हुड. या एका बाबतीत आम्ही दोघांनीही शेवटपर्यंत माघार घेतली नाही. आता त्यांच्यामागे मी बॉनेटच म्हणते.

नवं इंजिन, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी अपघात झालेल्या गाडीतलं चांगलं इंजिन, बसलं ते नेमकं दसऱ्याच्या आधी. इथे सण शनिवार-रविवारवर सरकवून घेतात, तसा तो शनिवारीच आला होता. अंगणातल्या रेडबडची पानं पिवळी झाली होती. त्यांचा आकार आपट्याच्या पानासारखा थोडाफार असतो, म्हणून आम्ही तीच सोनं म्हणून वाटायचो. दारातून वाळलेल्या पानांचा वास येत होता, आत ग्रीसचा. बाबा किल्ली लावणार तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, "थांबा!"

ती तबक घेऊन आली. निरांजन, हळदकुंकू, झेंडूची चार फुलं आणि वाटीभर अक्षता. बयेवर दीड महिना चिडचिड करणारी आई, पण साडी नेसून आली होती. "एवढं मोठं काम केलंत. ओवाळल्याशिवाय सुरू करायचं नाही," ती म्हणाली. तिने पान्यांना कुंकू लावलं, क्रेनला लावलं, सबनीसकाकांच्या कपाळालाही लावलं. मग उघड्या बॉनेटखाली वाकून इंजिनाला ओवाळलं आणि मूठभर अक्षता त्याच्यावर टाकल्या. चिमूटभर टाकतात, तिने मूठभर टाकल्या. कुंकवाने लाल झालेले तांदूळ काळ्या इंजिनावर सगळीकडे पसरले. कापराचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही वास एकत्र आले तेव्हा काका दोन पावलं मागे सरकले.

किल्ली फिरली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी आवाज खाली येईना.

गाडी उभी असताना इंजिनाने हळू, पोटातल्या पोटात गुरगुरायला हवं. आमचं इंजिन सगळा जोर लावून ओरडत होतं. बाबांनी मला ते किती वेळा समजावलं असेल. ॲक्सिलरेटर दाबला की एक केबल ओढली जाते, ती केबल इंजिनावरचा एक छोटा लिव्हर फिरवते, त्याने हवेची झडप उघडते. हवा आली की इंजिन धावतं. पाय काढला की स्प्रिंगने तो लिव्हर मागे यायला हवा आणि एका स्क्रूच्या टोकावर टेकायला हवा. टेकला म्हणजे झडप मिटली. "आपली झडप मिटत नाहीय, किंवा हवा भलतीकडून येतेय. दोनच शक्यता," बाबा म्हणाले. त्या दोन शक्यतांमध्ये आमचा अख्खा हिवाळा गेला.

काय काय केलं त्यांनी! गॅस्केट बदलली. रबरी नळ्या एकेक करून काढल्या, फुंकून पाहिल्या, परत लावल्या. स्प्रे मारून हवा कुठून गळते ते ऐकलं. केबल सैल केली, मग घट्ट केली. काका म्हणायचे, "दाबून दाबून बघू, दुखतं कुठे ते कळेल." गॅरेजमधला रॉकेलचा हीटर चालू असायचा, त्याच्यावर आई चहा ठेवायची, आणि बाहेर रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकणारा ट्रक खरखर करत जायचा. माझं काम ठरलेलं होतं. मी स्टिअरिंगमागे बसायचे आणि समोर उघडलेलं बॉनेट असायचं. बाबांचं डोकं मला दिसायचं नाही, फक्त बॉनेटच्या खालच्या फटीतून त्यांचे हात दिसायचे, आणि आवाज यायचा.

"दाब."

मी दाबायचे.

"सोड."

मी सोडायचे.

कितीतरी शनिवार आम्ही एवढंच बोललो. त्या वयात बापलेकीला बोलायला फार काही नसतं, असलं तरी जमत नाही. शाळेत माझं काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण दाब आणि सोड म्हणतानाच्या त्यांच्या आवाजावरून मला त्यांचा दिवस कसा गेला ते कळायचं, आणि माझ्या पायावरून त्यांना माझा कळत असावा. मी रागात असले की ते म्हणायचे, "हळू. तिने काय केलंय तुझं?"

बाबांचं एक वेड होतं. बिघाड गेला म्हणून ते खूश व्हायचे नाहीत. तो का आला होता ते कळायला हवं. एकदा डिशवॉशर आपोआप चालू झाला तर त्यांनी तो उघडून, कारण शोधून, ते आम्हा दोघींना जेवणाच्या टेबलावर कागदावर चित्र काढून समजावलं. भात निवला, पण कारण पुरं झालं. अशा माणसाने त्या फेब्रुवारीत जे केलं ते मला त्या वेळीच विचित्र वाटलं होतं.

त्या शनिवारी काका आले नव्हते. बाहेर बर्फ पडत होता. काकांनी दवाखान्यातला एक छोटा आरसा देऊन ठेवला होता, दांडीला लावलेला, दातांच्या मागे बघायचा. बाबा तो घेऊन लिव्हरच्या मागे काहीतरी बघत होते.

"दाब," ते म्हणाले. "सोड." मग पुढचं 'दाब' आलंच नाही.

"बाबा? व्हॉट इज इट?"

त्यांचे हात फटीतून दिसत होते. त्यांनी काहीतरी चिमटीत धरलं होतं, किंवा नव्हतंही. मग हात खिशात गेला. "सुरू कर," ते म्हणाले.

मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, चढलं, आणि हलकेच खाली उतरून गुरगुरत राहिलं. इतक्या शनिवारांनंतर ते इतकं साधं होतं की मला रडू आलं. आई आवाज ऐकून स्वयंपाकघराच्या दारात आली, पिठाचे हात तसेच. "झालं? काय झालं होतं हो तिला?"

बाबा फडक्याला हात पुसत होते. "काही नाही," ते म्हणाले. "असंच बसलं होतं काहीतरी."

काहीतरी! कारणाशिवाय ज्यांना घास गिळवत नसे ते बाबा म्हणाले, काहीतरी. मी वाट पाहिली. जेवताना ते सांगतील, कागद काढतील असं वाटलं. त्यांनी भाजीत मीठ छान पडलंय म्हणून सांगितलं आणि दुसऱ्यांदा भात घेतला. सबनीसकाकांनाही त्यांनी तेवढंच सांगितलं. काका दुखावले, त्यांनी आरसाही परत नेला नाही.

मग वसंत आला. बर्फाचे काळे ढीग वितळले, आणि मी त्या गाडीवर गिअर बदलायला शिकले. चढावर गाडी मागे घसरायची आणि बाबा शेजारी बसून खिडकीचं हँडल घट्ट धरायचे, पण ओरडायचे नाहीत. उन्हात तापलेल्या सीटचा वास, खिडकीतून येणारा कापलेल्या गवताचा वास, डॅशबोर्डवर आईने चिकटवलेला गणपती. मला त्या उन्हाळ्यातलं दुसरं फारसं आठवत नाही. आठवतं ते खूप आठवतं.

पुढच्या दसऱ्यापासून पूजेत एक नवी रीत आली. आई तबक घेऊन यायची आणि बाबा बॉनेट उघडून, मिसळणाच्या डब्यातली ती मधली वाटी काढून, इंजिनावर एका जागी पालथी ठेवायचे. वाटी ठेवायची, आईकडे बघून मान हलवायची, आणि मग आईने अक्षता टाकायच्या. या क्रमात कधी बदल झाला नाही.

"ही वाटी कशाला?" मी पहिल्या वर्षी विचारलं.

"इंजिनाची टोपी," बाबा म्हणाले. "पूजेला उघड्या डोक्याने बसू नये."

आई हसली. मीही हसले. मी कॉलेजला गेले, मग अर्विंगला फिजिकल थेरपिस्ट झाले, लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे सोडवायला लागले. दसऱ्याला फोन केला की मागून बाबांचा आवाज यायचा, "वाटी आणतो, थांब." मला ते ऐकून बरं वाटायचं. बाबा थकले, त्यांना चढउतार करणं जमेनासं झालं, तरी वाटी ठेवायला ते गॅरेजमध्ये जायचे.

ते गेले त्या वर्षी अर्थातच आम्ही सण केले नाहीत. वर्ष सरल्यावरचा पहिला दसरा गेल्या वर्षी आला. आईने एकटीने केला. गाडीही पुजली म्हणाली. दर रविवारी गाडी थोडा वेळ सुरू ठेवायची, म्हणजे बॅटरी मरत नाही, हे बाबांनी तिला शिकवून ठेवलं होतं आणि ती ते नेमाने करायची. दसऱ्यानंतरच्या रविवारी तिने किल्ली फिरवली तर बया किंचाळायला लागली. तिने घाबरून बंद केली. नंतर एकदा शेजाऱ्याने गिअर टाकून पाहिला तर गाडी भिंतीच्या दिशेने झेपावली. तेव्हापासून आईने तिच्यावर चादर घातली होती.

मी बुधवारी चादर काढली. बाबांच्याच क्रमाने गेले. नळ्या, गॅस्केट, केबल. माझे हात काळे झाले आणि मला बरं वाटायला लागलं. आई चहा आणून ठेवायची आणि तिथे न थांबता आत निघून जायची. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी खोक्यात बांधायच्या राहिलेल्या पान्यांच्या खणात मला तो दातांचा आरसा सापडला.

त्याच्यासाठी कुणीतरी पेडलवर हवं होतं.

"आई, जरा येऊन बस ना गाडीत. फक्त पाय ठेवायचाय."

ती आली. शालीत गुरफटून स्टिअरिंगमागे बसली. मी बॉनेटखाली वाकले. आता ती मला दिसत नव्हती, आणि मी तिला.

"दाब," मी म्हणाले. माझ्या तोंडून बाबांचाच सूर निघाला. पलीकडे आईचा पाय थबकला असावा, कारण लिव्हर जरा उशिराने हलला. "सोड."

लिव्हर मागे आला, पण पूर्ण आला नाही. आरसा मी त्याच्या मागे धरला. तिथे, लिव्हर आणि स्क्रूचं टोक यांच्या मध्ये, ग्रीसमध्ये रुतून काहीतरी बसलं होतं. पाचर मारावी तसं. "परत दाब. धरून ठेव." मी चिमट्याने ते काढलं आणि फडक्यावर ठेवून पुसलं.

तांदळाचा दाणा होता. एका बाजूने अजून लाल.

मी तशीच वाकून उभी राहिले. मला तो फेब्रुवारी दिसला, खिशात जाणारा हात दिसला. कारण सापडूनही ते गिळून टाकणारे बाबा दिसले. अख्ख्या हिवाळ्याचे शनिवार ज्यात गेले तो घोळ आईच्या मूठभर अक्षतांचा होता, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर आईने पुन्हा कधी त्या गाडीला ओवाळलं नसतं. म्हणून वाटी. म्हणून टोपी. माझ्या बाबांवर माझं किती प्रेम होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

"काय झालं गं?" बॉनेटच्या पलीकडून आईने विचारलं. "सापडलं काही?"

मी दाणा मुठीत घेतला. "काही नाही," मी म्हणाले. "असंच बसलं होतं काहीतरी."

पलीकडे सीट कुरकुरली. मला वाटलं, ती उतरून आत गेली.

"तांदूळ ना?" आई म्हणाली.

मी बॉनेटला वळसा घालून गेले. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती, समोर बघत.

"तुला माहीत होतं?"

"अगं, ते काहीतरी म्हणाले तेव्हाच कळलं मला. त्या माणसाने कधी काहीतरी म्हटलंय का? आणि मग लगेच दसऱ्याला वाटी." ती जरा हसली. "मला वाईट वाटू नये म्हणून लपवत होते. लपवू दे म्हटलं. टोपी म्हणे!"

"मग गेल्या वर्षी?"

ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "गेल्या वर्षी मी तबक घेऊन उभी राहिले," ती म्हणाली. "उभीच राहिले. हे वाटी ठेवतील, मान हलवतील, मग टाकायच्या. इतक्या वर्षांची सवय. हात भरून आला तबक धरून, तेव्हा लक्षात आलं की कुणी ठेवणार नाहीय. मग मला रडू आलं आणि मी तशाच टाकल्या."

मी गाडीच्या दारात खाली बसले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रविवारी ती ओरडली तेव्हा समजलं काय ते. बॉनेट उघडून सगळे दाणे वेचले मी. चष्मा लावून वेचले. तरी ओरडायची. म्हटलं, एखादा आत गेला. इंजिनात गेला म्हणजे संपलंच ना सगळं? त्यांनी इतकं जपलं आणि मी त्यांची गाडी घालवली. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते? वाटलं, तो मुलगा घेऊन जाऊ दे एकदाची. रोज बघवत नव्हतं."

"आत नव्हता गेला गं, आई. बाहेरच होता. हा बघ." मी मूठ उघडली. "इंजिनाला काहीही झालेलं नाही."

तिने दाणा उचलून निरखून पाहिला, आणि चष्म्याखालून डोळे पुसले. "बासमती आहे," ती म्हणाली. "म्हणून एवढा लांब."

"सुरू कर," मी म्हणाले.

"मी?"

"मग कोण? बसलीयस तूच."

तिने किल्ली फिरवली. बया एकदम चढली, आईने डोळे घट्ट मिटले, आणि मग काटा हळूहळू खाली उतरला. गॅरेजमध्ये ती जुनी गुरगुर भरून राहिली, हिंगाच्या वासासकट. आईने एक डोळा उघडला, मग दुसरा. पाय पेडलवरून काढला तरी ती बराच वेळ तशीच बसून होती. मला माहीत होतं ती कुणाचा आवाज ऐकतेय.

"त्या मुलाला फोन कर," शेवटी ती म्हणाली. "ट्रेलर कॅन्सल कर म्हणावं. सॉरी पण म्हण, बिचाऱ्याने रविवार मोकळा ठेवला असेल."

मी फोन शोधायला निघाले. ती गाडीतून उतरली, गुडघा धरत धरत फळीपाशी गेली आणि मिसळणाच्या डब्यातली मधली वाटी काढून शालीच्या टोकाने पुसायला लागली.

"अर्विंगला रेडबड असतात का गं?" तिने विचारलं.

"भरपूर."

"मग सोन्याची सोय झाली." तिने ती वाटी माझ्या काळ्या हातात ठेवली. "ही तुझ्या पर्समध्ये ठेव, सामानात हरवेल. दसऱ्याला ठेवायची तूच. आणि ठेवलीस की मान हलव. मी वाट बघत उभी असेन."